पुऱ्या आवाजाचे पैसे

कानाच्या मशीनचं दुकान म्हणजे शांत काम असणार, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आमच्या जिन्यात दोन मिनिटं उभं करायला तयार आहे. आमच्याकडं येणारा पेशंट ओरडून बोलतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. सोबतचा मुलगा ओरडतो, कारण बापाला ऐकू येत नाही. मग मी ओरडते, कारण ते दोघं ओरडत असतात. त्यामुळं कुणाची सून कशी आहे, कुणाचा जावई कामाला जात नाही, ही खासगी माहिती मला, खालच्या टायरवाल्याला आणि समोरच्या चहावाल्याला एकाच वेळी मिळते. किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते जिन्यावरून आपोआप खाली गडगडत जातात आणि संध्याकाळी चहावाला तेच मला परत ऐकवतो, वर स्वतःची थोडी भर घालून.

सेंटर उमरग्यात, हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या वर. पाटीवर 'श्रवणयंत्र केंद्र' असं भारदस्त लिहिलंय. सर सोलापूरहून आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी एकटी. मी बी.एस्सी. आहे, वर कानाच्या तपासणीचा डिप्लोमा. आणि स्वभाव असा, की कुकरची शिट्टी होणार हे माहीत असतं, मी तिचीच वाट बघत असते, तरी ती झाली की दचकते. अशा मुलीनं हायवेच्या काठावर आवाजाची नोकरी धरली, हा आमच्या सेंटरमधला पहिला विनोद.

*

तपासणीसाठी आमच्याकडं प्लायवुडची एक खोली आहे, आतून स्पंज लावलेली. पेशंट आत, कानाला हेडफोन. मी काचेच्या या बाजूला बटणं दाबत बसायचं. 'टुंग' ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. माझ्या बाजूच्या स्पीकरवरही तोच 'टुंग' येतो. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की आजूबाजूला पूर्ण शांतता हवी. हैदराबादहून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी ते पुस्तक अजून वाचलेलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मुरूम गावाकडचे एक आजोबा आले. दोन्ही मुलं सांगत होती, दारात ट्रॅक्टर आला तरी यांना कळत नाही. मी तपासणी सुरू केली तर आजोबांचं बोट प्रत्येक वेळी वर! अगदी बारीकातल्या बारीक आवाजालासुद्धा. रिपोर्ट काढला तर कान विशीतल्या पैलवानाचे. मुलं बापाकडं संशयानं बघायला लागली. थोरला म्हणाला, म्हणजे इतके दिवस सोंग केलं का?

सरांना फोन लावला. ते म्हणाले, त्यांच्याकडं पाठ करून बस आणि परत घे.

पाठ केली. आजोबांचं बोट एकदाही वर गेलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर उभं राहून, हातवारे करत विचारलं, मघाशी कसं काय कळत होतं? आजोबा अगदी सरळ मनानं म्हणाले, "तुमी बटण दाबलं की दचकत होता. म्हणलं, त्येच मोजायचं आसंल."

तेव्हापासून मी भिंतीकडं तोंड करून तपासणी घेते. तालुक्यातले रिपोर्ट बरोबर येतात. मान दुखते.

*

सुमनकाकू पहिल्यांदा आल्या त्या एकट्या. हे नवल होतं, कारण आमच्याकडं पेशंट एकटा कधीच येत नाही. त्याला आणलं जातं.

पन्नाशीच्या आसपासचं वय, डोक्यावर पदर, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. मी सवयीनं ओरडायला लागले तर त्यांनी हात वर केला. "पोरी, ओरडू नको. ओरडलं की तोंड वाकडं हुतंय, मग काईच कळत न्हाय. माझ्याकडं बघून सावकाश बोल."

धाकट्याच्या बाळंतपणात ताप आला, तेव्हापासून कान उतरत गेले. समोरासमोरचं माणूस ओठांवरून समजतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की मग सगळे मासे पाण्यात तोंडाची उघडझाप करतात तसं दिसतं, असं त्या म्हणाल्या. आणि नेमकं चार माणसं एकदम बोलतात तेच त्यांचं काम होतं, कारण काकू त्यांच्या गावच्या सरपंच आहेत!

म्हणजे कागदावर. जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून उभं काकूंना केलं, आणि निवडून त्यांचे यजमान आले. गावात 'सरपंच' अशी हाक मारली की भीमाशंकर अप्पा वळून बघतात. सभेत काकू खुर्चीवर बसतात, शेजारी अप्पा बसतात. लोक अप्पांशी बोलतात, अप्पा मान हलवतात, आणि शेवटी ग्रामसेवक काकूंना सहीची जागा बोटानं दाखवतात. चार वर्षं झाली.

"गल्लीतल्या बाया इचारतेत, सभेत आमच्या नळाचं काय झालं. म्या म्हणते, अप्पाला इचारा. आता त्या इचारतच न्हाईत." मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी मुदत संपती. त्याच्या आत एक तरी सभा मला माझ्या कानानं ऐकायचीय. सव्वीस जानेवारीची.

तपासणी केली. मशीननं ऐकू येण्यासारखं होतं. आता किंमत सांगायची वेळ आली. हे काम मला कधीच जमलेलं नाही. मी आकडा कागदावर लिहिते, कागद पुढं सरकवते आणि खिडकीतून ट्रक बघते.

काकूंनी विचारलं, एका कानाचे? मी मान हलवली. अन् दुसऱ्याचे? तेवढेच.

टेबलावर कंपनीचं रंगीत पत्रक होतं. त्यावर एक गोरं म्हातारं जोडपं समुद्राच्या काठी दात दाखवून हसतंय. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. हे का हसायलेत? मी म्हटलं, त्यांना ऐकू यायला लागलंय म्हणून.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "त्यांना आजून किंमत सांगितली नसंल."

*

किमतीचं असं आहे की आमच्या भागात ती रुपयांत कुणाला कळतच नाही, जनावरांत कळते. एक शेतकरी आले होते, दोन्ही कानांचं ऐकून म्हणाले, यात दुभती म्हैस येती की. सर त्या दिवशी हजर होते. सरांना समजावून सांगायचा फार उत्साह. त्यांनी चिप, चॅनल, परदेशातलं संशोधन सगळं काढलं. शेतकरी म्हणाले, म्हैस दूध देती. सर म्हणाले, मशीन आवाज देतं. ते म्हणाले, "आवाज म्हैस बी देती."

सरांनी चहा सांगितला.

बाजारातल्या एका कापड दुकानदाराचा प्रश्न वेगळा होता. त्यांना लोकांना दिसू नये असं मशीन पाहिजे होतं. मी ओळीनं मांडून दाखवली. हे कानामागचं, हे त्याहून लहान, हे कानाच्या आत बसणारं. जसजसं मशीन लहान तसतशी किंमत मोठी. ते म्हणाले, आमच्याकडं कमी कापडाला कमी पैसे घेतात. मी म्हटलं, काका, इथं जेवढं दिसत नाही तेवढं महाग.

त्यांनी पिशवी उचलली. "मग अजिबातच दिसत न्हाई ते सगळ्यात भारी. तसलं तर म्या आत्ताच लावून आलोय."

*

सरांनी काकूंना सुचवलं, सरकारी योजनेतून फुकट मशीन मिळतं, आधी तो रस्ता बघा. रस्ता आहेच. आपल्याकडं रस्ते कसे असतात ते सांगायला नको. आधी मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन बहिरेपणाचं प्रमाणपत्र काढायचं, मग पुढचं.

काकू एकट्या एस.टी.नं गेल्या. दिवसभर बाकावर बसल्या. संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर विचारलं, तर आतल्या माणसानं सांगितलं, नाव पुकारलं होतं, तुम्ही हजर नव्हता.

म्हणजे व्यवस्था अशी होती, की ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांना एका खिडकीतून, खाली कागदात बघत, नावानं हाक मारायची. जो 'ओ' देईल त्याला बहिरेपणाचं प्रमाणपत्र मिळेल!

दुसऱ्या खेपेला काकू खिडकीला चिकटून उभ्या राहिल्या. त्यांना खुणेनं सांगण्यात आलं, बाकावर बसा, नाव पुकारू.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला नेलं. काम एवढंच, नाव ऐकायचं. मी पहिल्याच नावाला दचकले, ते शेजारच्या एका गृहस्थांनी बघितलं. त्यांनी खिशातून आधारकार्ड काढून माझ्यापुढं धरलं. मी नाव वाचलं, मान हलवली. थोड्या वेळात अख्खा बाक माझ्याकडं तोंड करून बसला होता, हातात आपापलं आधारकार्ड. खिडकीतून हाक आली की मी दचकायचं, मग ज्याचं नाव असेल त्याच्या खांद्याला हात लावायचा. काम असं भराभर सरकलं की दुपारी खिडकीतला माणूस स्वतः बाहेर येऊन मला बघून गेला. म्हणाला, बरं झालं, तुम्ही रोज येत जा.

काकूंचा नंबर लागला तेव्हा आतून कळलं की तपासणीचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. ते कधी येणार? ते सांगता येत नाही. मग आम्ही परत कधी यायचं?

"काळजी करू नका," खिडकीतला माणूस काकूंना म्हणाला, "फोन करून कळवतो."

परतीच्या एस.टी.त काकू खिडकीबाहेर बघत होत्या. नळदुर्ग मागं पडल्यावर माझ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, "शेळ्या इकते. माझ्या हायेत त्या, माहेरच्या पैशाच्या."

*

फुकट मशीनचा अजून एक मार्ग आहे, तो म्हणजे वाढदिवस. स्वतःचा नाही, पुढाऱ्याचा. एका भावी आमदारांच्या वाढदिवसाला मोफत श्रवणयंत्र वाटप झालं. मंडप, बॅनर, ढोल. तपासणी नव्हती, कारण वेळ नव्हता. सगळ्यांना एकाच मापाचं मशीन, गळ्यात अडकवायचं, ताविजासारखं, वायरीचं टोक कानात. कानात मशीन घालताना साहेबांचा हात आणि चेहरा दोन्ही फोटोत यायला पाहिजेत, म्हणून फोटोवाल्यानं एकेका म्हाताऱ्याचा कान फिरवून फिरवून लाल केला म्हणे.

त्यातले एक काका नंतर आमच्याकडं आले. मशीन बोलत नाही म्हणाले. उघडून बघितलं तर आत सेलच नाहीत. मी विचारलं, सेल दिले नव्हते का? ते म्हणाले, शब्द दिलाय की. पुढच्या वाढदिवसाला सेल वाटप हाय.

मी म्हटलं, मग तोवर कशाला गळ्यात घालून फिरताय?

"साहेबांच्या भाषणाला घालून जातो," काका म्हणाले. "सेल नसला की भाषण लई चांगलं हुतंय."

*

एका घरातल्या दोन भावांनी बापाच्या कानांची वाटणी केली. मी हे बनवून सांगत नाही. शेताची झाली होती, विहिरीच्या पाळ्या ठरल्या होत्या, बाप सहा महिने याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं राहायचा. कान तेवढे सामाईक राहिले होते. सरांच्या टेबलासमोर ठरलं, उजवा थोरल्याचा, डावा धाकट्याचा. थोरल्यानं उजव्याचं मशीन लगेच घेतलं. धाकटा म्हणाला, सोयाबीन झाल्यावर डाव्याचं बघतो.

सोयाबीन होऊन गेलं, हरभरा होऊन गेला. एक दिवस आजोबा सेल घ्यायला आले. बघते तर मशीन कानात नाही, रुमालात गुंडाळून खिशात. मी विचारलं, लावलं का नाही? म्हणाले, आत्ता मुक्काम धाकट्याकडं हाय.

मग?

"थोरल्याचा कान हितं कशाला झिजवायचा?"

मी भांडणं मिटवणारी मुलगी नाही. तरी मी त्यांना सांगितलं, आजोबा, कान तुमचा आहे. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी त्यांना कुणाच्या तरी शेतात घुसायला सांगत होते.

*

शेळ्या विकल्या गेल्या आणि काकू परत आल्या. एका कानाचे जमले होते. पण या वेळी बरोबर अप्पा होते.

अप्पा उंच, पांढरी टोपी, आवाज भरदार. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणारे. मी नमस्कार म्हणेपर्यंत त्यांचं "व्हय, व्हय" म्हणून झालं होतं. बसल्याबसल्या त्यांनी सांगून टाकलं की हा खर्च त्यांना पटलेला नाही. तिला काय गरज? सभेतलं ऐकायला म्या हाय, घरातलं ऐकायला सून हाय. "नवरा-बायकोत मिळून दोन कान पुरे हायेत, मॅडम."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मशीन कुणासाठीही असो, ते आधी घरातल्या कर्त्या माणसाच्या कानात जातं. मोटरसायकल घेताना एक चक्कर मारून बघतात तसं. पैसे जाणार, तर माल चालतो का ते बघायला नको? तो मिनिटभर घालतो, "येतोय की आवाज" म्हणतो आणि काढून देतो. सर याला हरकत घेत नाहीत. रबरी टोपण बदललं की झालं.

मशीन काकूंच्या मापानं, काकूंच्या कानासाठी लावून तयार होतं. अप्पांनी हात पुढं केला. मी त्यांच्या कानात बसवलं.

अप्पा गप्प झाले. मी त्यांना गप्प बघण्याची ती पहिलीच वेळ, पण काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं त्यांचीही पहिलीच असावी.

"हे काय वाजायलंय?"

मी म्हटलं, खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर. नवीन बसवलाय का? नाही अप्पा, तुम्ही आलात तेव्हापासून चालू आहे. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग पंख्याकडं. मग सावकाश मान वळवून काकूंच्या हाताकडं.

"तुझ्या बांगड्या वाजतेत की गं."

काकूंना ते ऐकू आलं नाही. त्या पिशवीतून पैसे काढत होत्या.

मी घाबरत घाबरत म्हटलं, अप्पा, तुमची पण एकदा तपासणी करू या का? ते म्हणाले, मला काय झालंय? आणि उठले. मशीन कानातच. मी म्हटलं, अप्पा, ते काकूंचं आहे. ते जिन्यात पोचले होते. आधी आठ दिवस म्या वापरून बघतो, ते म्हणाले, माल खराब निघाला तर बाईमाणसाला काय कळणार?

पावती काकूंच्या नावाची होती. डबीही काकूंना मिळाली. रिकामी.

*

आठ दिवसांचे किती आठवडे झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. अप्पा सेल न्यायला येत राहिले. दर वेळी नवीन बातमी. गावात इतके पक्षी आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. जावई जेवताना मचमच आवाज करतो हे माहीत नव्हतं. मात्र डोकं दुखतं म्हणाले, हॉर्न वाजला की कानात कुणी घण घातल्यासारखं होतं.

मी त्यांना समोर बसवून सांगितलं, अप्पा, तुम्हाला कमी ऐकू येतं, पण काकूंएवढं कमी नाही. मशीन काकूंच्या कानाला लावलेलं आहे, तुमच्यासाठी तो आवाज फार मोठा आहे, अपाय होईल. एक तर काकूंना द्या, नाहीतर मला आवाज कमी करू द्या.

अप्पांनी कानावर तळहात झाकला.

"कमी का म्हणून? पुऱ्या आवाजाचे पैसे दिलेत."

पैसे कुणी दिलेत हे बोलायचं माझ्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात खाली ट्यूब फुटली. मी दचकले, अप्पा माझ्याहून जास्त दचकले, आणि तो विषय तिथंच राहिला.

जानेवारी लागला तशा काकू आल्या, परत एकट्या. मला वाटलं रडतील. काकूंनी चहा घेतला. मग सरांना भेटल्या, आणि सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत मोफत तपासणी ठेवा म्हणाल्या, गर्दी आयती असती. सर खूश. मला म्हणाल्या, सभा संपेपर्यंत थांबायचं. मी विचारलं, पण काकू, मशीनचं काय? अप्पा देणार आहेत का?

काकूंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. ओठ दिसल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळं माझा प्रश्न तिथंच संपला. नको असलेल्या प्रश्नाचं काय करायचं ते त्यांना बरोबर जमतं.

*

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना चॉकलेटं वाटून झाली, आणि मारुतीच्या देवळापुढच्या पत्र्याखाली ग्रामसभा भरली. शाळेतली तपासणी उरकून मी बायकांच्या रांगेत, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या शेजारी बसले. सभा सुरू व्हायच्या आधी काकूंनी मला हळूच हाक मारली. अप्पांकडं बोट करून म्हणाल्या, यांच्या मशीनला नवे सेल घाल. सभेला कमी पडायला नको. अप्पांनी कौतुकानं कान पुढं केला.

टेबलामागं तीन खुर्च्या. मधे काकू, एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक. ग्रामसेवक मागच्या सभेचं वाचायला लागले. आशाताई माझ्या कानाशी लागून सांगत होत्या, आमचे अप्पा लई दिलदार. तोंडावर काईबी बोला, राग म्हणून न्हाई. मी विचारलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, आता बघाच, मागं खांबापाशी बसलेले म्हातारे बोलतील. दर सभेला बोलतेत.

तेवढ्यात खांबापाशी एक पागोटंवाले तात्या, बसल्या जागेवरून, रोजच्या आवाजात म्हणाले की रस्त्याची खडी अप्पाच्या अंगणात पडली, अन् बायांच्या गल्लीचा नळ अप्पाच्या गोठ्यात गेला.

कुणी चमकलं नाही. सगळे अप्पांकडं बघत होते, काहीतरी ठरलेलं व्हायची वाट बघावी तसे.

अप्पा ताडकन उठले. "कोण म्हणलं रं त्ये?"

मी आशाताईंचा हात धरला. ग्रामसेवकांचं वाचन अर्ध्या ओळीत थांबलं. आणि तात्या, अगदी गोंधळून, जागेवर अर्धवट उठले.

"म्याच म्हणलो की अप्पा. दर सभेला म्हणतो. दर सभेला तुमी 'व्हय, व्हय, बरोबर हाय' म्हणता."

पहिल्यांदा बायकांच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग पुरुषांच्या. मग सगळे एकदम बोलायला लागले. चार वर्षं गावाला वाटत होतं, हा माणूस खातो पण कबूल तरी करतो! कुणी शौचालयाचं काढलं, कुणी दिव्यांच्या खांबांचं, कुणी गायरानातल्या मुरमाचं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, हे तर तुम्ही मागंच मान्य केलंय. अप्पा एकदा इकडं वळायचे, एकदा तिकडं. वर पत्रा, खाली शे-दोनशे माणसं, आणि कानात काकूंच्या मापाचा आवाज.

शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, मशीन कानातून ओढून काढलं, टेबलावर टाकलं आणि पाणी पाणी करत देवळाच्या ओट्याकडं गेले.

मशीन टेबलावर पडून बारीक शिट्टी घालत होतं.

काकूंनी ते उचललं. पदरानं पुसलं. कानात बसवलं, वरून पदर सारखा केला. शिट्टी थांबली. ग्रामसेवक सवयीनं वहीतली सहीची जागा बोटानं दाखवायला लागले, तर काकूंनी त्यांचा हात अलगद बाजूला सारला. मग एकदा बायकांच्या रांगेकडं बघितलं, एकदा खांबाकडं. तात्या अजून अर्धवट उभेच होते. काकूंनी त्यांना हातानं बसायची खूण केली.

"हां. आता म्या ऐकायले," त्या म्हणाल्या. "एकेकानं बोला. अन् चार वर्षांपास्नं सुरू करा."